अंगठा आणि तराजू

रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा ठेवताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात धाकधूक असते : जुळेल ना? विड्या वळून, मागावर राबून, विटा उचलून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांना ही धाकधूक चांगली ठाऊक आहे. अंगठा जुळला नाही की बोट पदराला पुसायचे, मग दुसरे बोट, मग ‘उद्या या’. उद्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

हे यंत्र लबाडी रोखण्यासाठी आले. लबाडी नव्हती असे कोणी म्हणू नये. मयताच्या नावावर धान्य उचलले जात होते, बनावट शिधापत्रिका होत्या, गरिबाचा गहू काळ्या बाजारात जात होता. म्हणून यंत्राला सरसकट विरोध करणे आम्हाला पटत नाही. कुरआनातील एका सूरहचे, अल्-मुतफ्फिफीनचे, नावच मापात पाप करणाऱ्यांवरून पडले आहे.

पण इथेच थोडे थांबले पाहिजे. अंगठा एवढेच सांगतो की समोरची बाई शिधापत्रिकेवरचीच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिला माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. पिशवीत पाच किलो पडले की साडेचार, हे अंगठा सांगत नाही. ते काटा सांगतो. तो काटा यंत्राला जोडण्यासाठी राज्यांना प्रोत्साहन देणारा नियम केंद्राने २०२१ मध्ये केला. आधी घेणाऱ्याचा अंगठा तपासला, देणाऱ्याचा काटा नंतर आठवला. सूरहचा रोख मात्र मोजून देणाऱ्यावर होता!

पैगंबर मुहम्मद (स.) यांची बाजारातील हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला तो ओला लागला. त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, त्याचे पावसाचे कारण ऐकून घेतले आणि मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणून फटकारले. तपासणी झाली, ती विकणाऱ्याची. आणि निवाड्याआधी त्याचे म्हणणे ऐकले गेले. यंत्र तपासते, पण ऐकत नाही. ऐकण्याचे काम माणसाचेच असते, आणि माणूस यंत्राकडे बोट दाखवून मोकळा होतो.

हे केवळ आपल्याकडचे नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानातील फसवणूक शोधण्यासाठी कर खात्याने संगणकाला जोखीम ठरवायला लावले. परकीय नागरिकत्व हीसुद्धा त्यात जोखमीची खूण मानली गेली. हजारो आईबापांवर लबाडीचा ठपका आला, मिळालेले अनुदान परत करता करता कित्येक कुटुंबे कर्जात बुडाली. तुर्की आणि मोरोक्कन मुळाची माणसे त्यात बरीच होती. या प्रकरणामुळे १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या सरकारने राजीनामा दिला. नावावरून संशय येणे म्हणजे काय, हे आपल्याला परक्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात अनुदानासाठी आधारची अट वैध ठरवली. मात्र ओळख पटली नाही म्हणून पात्र माणूस वंचित राहू नये, अशी अपेक्षाही व्यक्त केली. फिक्हशास्त्राचे तत्त्वही असेच आहे : जे निश्चित आहे ते नुसत्या शंकेने रद्द होत नाही. भूक निश्चित आहे. न जुळलेला अंगठा ही फक्त शंका आहे.

मात्र केवळ सरकारकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. रमजानमध्ये दारी आलेल्या विधवेला आपण दहा प्रश्न विचारतो, आणि जकात गोळा करणाऱ्या कमिटीला हिशेबाचा एक कागदही मागत नाही. अल्-हुजुरात या सूरहने संशय आणि हेरगिरी टाळायला सांगितले आहे. हिशेब मागायला मनाई केलेली नाही. आपला क्रमही उलटाच आहे.

यंत्र हवेच. पण आधी त्याचे तोंड ज्याच्या हातात माप आहे त्याच्याकडे असावे, आणि ज्याच्या हातात रिकामी पिशवी आहे त्याला संशयाचा फायदा मिळावा.