टिटवीची गादी

परभणी जिल्ह्याची जमीन म्हटली की काळी कापसाची माती डोळ्यांपुढं येते. गोदावरीच्या आणि दुधनेच्या काठानं ती तशी आहेही. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण जिंतूरच्या वरच्या अंगाला डोंगर लागला की ही माती मागं राहते आणि मुरूम सुरू होतो: राखाडी, मातकट, मधूनच एखादा काळा खडा. तिथल्या एका शेताच्या धुऱ्याला, एप्रिल महिन्यात, टिटवीनं चार अंडी घातली होती.

घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. वाटीएवढा खळगा आणि कडेनं चार खडे, बस्स. अंड्यांचा रंग मातकट, त्यावर काळे-तपकिरी शिंतोडे. ती सापडली दुसरीतल्या एका पोराला, तीही पाय पडता पडता वाचली म्हणून.

त्यानं आजोबांना हाक मारली. आजोबांनी वाकून मोजली आणि खूश झाले. "चार हायेत. म्हंजी चार महिने पाऊस." आपल्याकडं हवामान खात्याच्या आधी टिटवीचा अंदाज येतो. तो खरा किती ठरतो, ते ज्याचं त्यानं बघावं.

पोराच्या मनात पाऊस नव्हता. एवढी नाजूक अंडी उघड्या खड्यांवर पडलेली पाहून त्याचा जीव कळवळला. घरी एका खोलीत कापूस पार छताला टेकला होता. भाव वाढेल म्हणून वडिलांनी दिवाळीपासून धरून ठेवलेला. भाव होता तिथंच होता आणि घरातली सगळी माणसं अंग खाजवत होती. त्यातला ओंजळभर गेला तर कोणाला कळणार?

सकाळची शाळा सुटली तसा तो कापूस घेऊन शेतातल्या आखाड्यावर आला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. बोधकथेतले पक्षी माणसासारखं बोलतात. ही टिटवी आपली नुसतीच ओरडत होती. तिला बोलता आलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती.

पोरानं एकेक अंडं अलगद उचललं, खळग्यात कापूस पसरला, त्यावर चारही अंडी नीट मांडली आणि लांब लिंबाखाली जाऊन बसला. टिटवी आता कशी मऊ गादीवर बसते, ते त्याला बघायचं होतं.

टिटवी उतरली, पण खळग्यापासून चार हात लांबच उभी राहिली. एक पाऊल पुढं, एक मागं. तेवढ्यात धुऱ्यावरच्या बोरीवरून कावळा उठला. तो रोज त्याच वाटेनं जायचा आणि रोज त्याला तिथं खडेच दिसायचे. आज मुरमात पांढरं काहीतरी लखलखलं, म्हणून तो बघायला उतरला. टिटवा-टिटवी दोघंही त्याच्यावर तुटून पडली. पोरगाही बोंबलत धावला. पण तोवर एका अंड्यात चोच गेली होती आणि कापसावर पिवळा ओघळ आला होता.

पोराचं काय चुकलं? मन तर काही वाईट नव्हतं. आपल्याला मऊ लागतं ते टिटवीलाही मऊ लागत असणार, एवढंच तो धरून चालला. नदीकाठचं गवत-झुडूप काढून तिथं फरशी बसवणारी मोठी माणसं तरी वेगळं काय करतात?

"काय करायलास रे?" आजोबा पळत आले. पण त्याचं तोंड बघून रागावले नाहीत. दोघांनी मिळून कापसाचा तंतू न् तंतू वेचून काढला आणि उरलेली तीन अंडी होती तशी खड्यांवर ठेवली. मग दोघंही लांब झाले. बऱ्याच वेळानं टिटवी येऊन बसली. ती कळत होती, पण ती उठली की अंडी कुठली नि खडे कुठले ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरानं वर्गात बाईंना सगळं सांगितलं आणि रडला. अनुकूलन, अधिवास असे शब्द काढून उपयोग नव्हता, दुसरीच्या लेकरांना ते तोंडपाठ झाले असते आणि तिथंच राहिले असते. बाईंनी मुलांकडून घरनं मूठभर ज्वारी आणि मूठभर उडीद मागवले. ज्वारी 'परभणी मोती', म्हणजे कृषी विद्यापीठानं काढलेलं वाण, दाणा टपोरा आणि नावासारखाच चमकणारा. एकानं घमेलंभर काळी माती आणली, दुसऱ्यानं आजोबांचं जुनं धोतर.

शाळेच्या ओट्यावर एकीकडं माती पसरली, एकीकडं धोतर. दोन्हींवर वीस दाणे ज्वारीचे, वीस उडदाचे. "आता तुम्ही कोंबड्या. मी दहा म्हणेस्तोवर टिपायचं. एका वेळी एकच दाणा."

मातीवरनं ज्वारीचे सतरा दाणे उचलले गेले आणि उडदाचे फक्त पाच.

"मग हुशार कोण? ज्वारी का उडीद?"

"उडीद!" सगळा वर्ग ओरडला.

"बरं. आता धोतरावर टिपा."

धोतरावर उडीद एकही उरला नाही. ज्वारी मात्र निम्म्याहून जास्त तशीच पडून होती. वर्ग गप्प झाला.

"दाणे तेच आहेत," बाई म्हणाल्या. "दाणा हुशारही नाही आणि येडाही नाही. रंग चांगला का वाईट, ते नुसत्या रंगाकडं बघून सांगता येत नाही. तो कुठं पडलाय ते आधी बघायचं."

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. नाकतोडा पावसाळ्यात हिरवा असतो आणि दिवाळीनंतर वाळल्या गवतात तपकिरी दिसतो, ते याच्यासाठीच का? हो, याच्यासाठीच. हरणाचं पाडस गवतात पडून राहतं, हलत नाही, तेही? तेही. रंग सांभाळतो, पण गप्प बसलं तरच. मग सरडा? इथं बाईंनी जरा थांबवलं. सरडा रंग बदलतो तो दर वेळी लपायलाच असं नाही. ऊन लागलं, राग आला, भीती वाटली, तरी त्याचा रंग बदलतो.

शेवटी पोरानंच विचारलं, "मग टिटवीच्या डोळ्यापुढं लालभडक कसं? पाय पण पिवळेजर्द. ती का नाही खड्यासारखी?"

"तिला पंख आहेत रे. कुत्रं आलं, उडाली. अंड्याला उठून पळता येतं का? ज्याला पळता येत नाही, त्याला जागा सांभाळते. आपण त्याची जागा बदलायची नाही."

टिटवीची अंडी फुटायला साधारण अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात. शाळेला सुट्टी लागली, ऊन वाढत गेलं. पोरगा रोज लिंबाखालनंच बघायचा, पुढं जायचा नाही. भर दुपारी टिटवी गुरांच्या हौदाकडं जायची, सांडलेल्या पाण्यात पोट भिजवायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसायची. गादी नव्हे, तिला गारवा हवा होता, आणि तो ती स्वतःच आणत होती. आजोबांनी धुऱ्याकडचा तेवढा तुकडा ट्रॅक्टरवाल्याला नांगरू दिला नाही.

मे महिन्यात एका सकाळी खळगा रिकामा दिसला. पोराच्या पोटात गोळा आला. तो धुऱ्याकडं निघाला तशी टिटवी डोक्यावर येऊन किंचाळू लागली. तो जागच्या जागी थांबला. समोर नुसता मुरूम, खडेच खडे. पिल्लू म्हणून काही दिसेना. तो हळूच मागं सरकला आणि लिंबाखाली जाऊन बसला. टिटवीचं ओरडणं थांबलं. थोड्या वेळानं त्याच्या डोळ्यांदेखत एक खडा उठला आणि तुरुतुरु पळत सुटला. मग दुसरा. मग तिसरा.

तुम्हीही कधी एप्रिल-मेमध्ये मुरमावरून निघालात आणि टिटवी डोक्यावर ओरडू लागली, तर खाली वाकून शोधत बसू नका. जे आहे ते तुमच्या पायाजवळच आहे. आल्या वाटेनं, पायाखाली बघत मागं फिरा.