हातातून गांडीव निसटतं तेव्हा

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ४७

गेल्या महिन्यात आईचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला. दादाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये होते. 'कॅन्सर' हा शब्द ऐकला आणि तोंडाला कोरड पडली, हात थरथरायला लागले, उभंच राहवेना. मिळेल त्या एसटीने संगमनेर गाठलं.

घरी भेटायला आलेल्या एक नातेवाईक म्हणाल्या, "मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय! आणि रडायचं नाही हं, देवावर श्रद्धा आहे ना?" आई गप्प झाली. रात्री मला हळूच म्हणाली, "मी असं काय पाप केलं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोजच्या सवयीने गीता उघडली, तर समोर अर्जुन. तोंड कोरडं, अंगाला कंप, गांडीव हातातून निसटतंय, उभं राहवत नाही. अगदी माझीच अवस्था! आणि या अध्यायाचं नाव काय? अर्जुनविषादयोग. म्हणजे त्याचं खचणंसुद्धा 'योग'च.

या अख्ख्या अध्यायात भगवंत एकदाच बोलतात, समोर जमलेल्यांकडे बघ एवढंच सांगतात. मग अर्जुनाचं सगळं बोलून होईपर्यंत मध्ये तोडत नाहीत. खडसावणं, समजावणं पुढच्या अध्यायात. आधी ऐकणं. आणि रथ सोडून जाणं तर नाहीच.

राहिला पापाचा प्रश्न. रामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्या कॅन्सरने गेले, रमण महर्षी १९५० साली हाताला झालेल्या कॅन्सरने. त्यांच्या भक्तीत काय कमी होतं? आजार म्हणजे देवाने दिलेले मार्क नव्हेत.

हे आईला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा मनमोकळं रडली. मी नुसती शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "केमोची तारीख कधीची दिलीय?"

आमच्या गावची प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथेच १२९० साली माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. काठावर उभी राहिले की वाटतं, एवढं मोठं ज्ञान उतरलं ते एका खचलेल्या माणसासाठी.

पण शेवटी गांडीव अर्जुनालाच उचलावं लागलं. आपलं गांडीव म्हणजे उपचार. नामस्मरण करायचंच, पण डॉक्टरांची तारीख चुकवायची नाही.

आजचा संकल्प : ओळखीत कुणाच्या घरी असा रिपोर्ट आला असेल, तर आज एक फोन करा. उपदेश नको. फक्त ऐका.

राम कृष्ण हरी!