तज्ज्ञ आणि साक्षीदार

शहाद्याहून धडगावकडे जाणाऱ्या एस.टी.त, सातपुड्याची चढण सुरू होण्याच्या सुमारास, मी कानांत इअरफोन घालून कुपोषणावरील एक चर्चा ऐकत होतो. डोंगरात नेटवर्क तुटते, म्हणून ती आधीच मोबाईलमध्ये उतरवून घेतली होती. एक अर्थशास्त्रज्ञ, एक डॉक्टर आणि एक निवृत्त प्रशासक असे तिघे बोलत होते. शेजारी एक पावरा आजी बसल्या होत्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली, माझ्यापुढे धरली आणि काहीतरी विचारले. चिठ्ठी दवाखान्याची असावी. मी हाताने ‘जरा थांबा’ अशी खूण केली. आदिवासी मातांचे म्हणणे यंत्रणेपर्यंत का पोहोचत नाही, या मुद्द्यावर चर्चा नेमकी त्याच वेळी आली होती. (हा प्रसंग मी कल्पनेने रचला असता, तर याहून कमी ढोबळ रचला असता.) मुद्दा संपला, मी मान वळविली, तोवर आजी एका फाट्यावर उतरून गेल्या होत्या.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. मी त्या वेळी ऐकत होतो की नव्हतो?

उत्तर वाटते तितके सोपे नाही. तज्ज्ञांना नावे ठेवणे ही आजकाल स्वस्त करमणूक झाली आहे आणि तीत मला भाग घ्यायचा नाही. त्या चर्चेतून मला पुष्कळ कळले. कुपोषण म्हणजे केवळ ताटातली उणीव नव्हे. आईच्या अंगातील रक्ताची कमतरता, कोवळ्या वयातील लग्न, ऊसतोडीसाठी गुजरातकडे होणारे हंगामी स्थलांतर, सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार, हे सारे धागे त्यात गुंतलेले असतात. आजींना आपल्या नातवाचे दुखणे ठाऊक असेल. हजारो नातवांच्या दुखण्यातील समान सूत्र शोधायला अभ्यासकच लागतो. विद्या हीदेखील परमेश्वराची देणगी आहे, आणि ती मोकळ्या हाताने वाटणारा मनुष्य सेवाच करीत असतो.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली एका ब्रिटिश पत्रकाराने आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची सांगड घालून सुचविला. राजकारण, उद्योग, संस्कृती अशा विषयांवर दोन-दोन तास निवांत बोलणारे जाणकार आज मराठीतही ऐकायला मिळतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या जागतिक संपर्क-माध्यम दिनाच्या संदेशासाठी ‘श्रवण’ हाच विषय निवडला होता आणि त्यात पॉडकास्टचा उल्लेख आशेने केला होता. माणसाला अजून ऐकण्याची भूक आहे, याची ती खूण आहे असे त्यांना वाटले. परंतु त्याच संदेशात त्यांनी एक इशाराही दिला होता: पुष्कळदा आपला संवाद म्हणजे दोन आवाजांतले एकच स्वगत असते. हे वाक्य बोलणाऱ्यांविषयी आहे असे मी समजत होतो. इअरफोन घालून बसणाराही त्या स्वगतात सामील असतो, हे मला त्या फाट्यानंतर उमगले.

आपली भाषा येथे मदतीला येते. तज्ज्ञ म्हणजे ‘ते’ जाणणारा. ‘ते’ म्हणजे पलीकडचे, बोटाने दाखवायचे. ‘हे’ जाणणाऱ्याला आपण तज्ज्ञ म्हणत नाही; त्याच्यासाठी साक्षी हा वेगळा शब्द आहे, आणि त्यात डोळा दडलेला आहे. ग्रीक भाषेत साक्षीदारासाठी जो शब्द होता, त्यातूनच ख्रिस्तसभेला रक्तसाक्षी हा अर्थ मिळाला. साक्षीला किंमत मोजावी लागते. मताला बहुधा लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील टेंभली पाहा. शहादा तालुक्यातील या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत रंजना सोनवणे यांना देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्यानंतर ‘आधार’वर किती चर्चा झडल्या असतील! बारा आकडी क्रमांक, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे, खाजगीपणाचा हक्क, काटकसर. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही योजना काही मर्यादा घालून वैध ठरविली. भिन्नमत देणाऱ्या न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, राबून बोटे झिजलेल्या माणसाचा ठसा यंत्राने ओळखला नाही तर त्याच्या हक्काचे काय, या प्रश्नालाही वजन दिले. चर्चेत ही गोष्ट ‘अपवादाचे प्रमाण’ म्हणून येते. रेशन दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्वतःचे प्रमाण नसते. तो एकटाच असतो, आणि त्याच्यापुरता अपवाद शंभर टक्के असतो.

तज्ज्ञ आणि साक्षीदार यांची भेट होऊच शकत नाही, असे मात्र नव्हे. कॅनडातील न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना १९७४ मध्ये उत्तरेकडील वायुवाहिनीच्या चौकशीसाठी नेमण्यात आले, तेव्हा ते पस्तीस वस्त्यांतून हिंडले. शिकारी, मासेमार, म्हाताऱ्या बाया यांनी आपल्या भाषांत सांगितलेले त्यांनी अभियंत्यांच्या साक्षीइतकेच गंभीरपणे नोंदवून घेतले, आणि नभोवाणीने ती सुनावणी स्थानिक भाषांतून घरोघर पोहोचविली. पुढे जागतिक बँकेने सरदार सरोवराच्या फेरतपासणीसाठी ब्रॅडफर्ड मोर्स यांच्यासह ज्यांना नेमले, ते हेच बर्जर. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारखी गावे तेव्हा बुडिताच्या छायेत होती. नर्मदेच्या खोऱ्यात फिरून लिहिलेल्या त्यांच्या १९९२ च्या अहवालाने बँकेला मागे सरण्याचा सल्ला दिला, आणि १९९३ च्या मार्चमध्ये उरलेले कर्ज न घेण्याचा निर्णय भारत सरकारने जाहीर केला. धरण थांबले नाही, हेही खरे. पण विद्वान माणूस पायवाटेने चालत जाऊन ऐकू शकतो, एवढे तरी सिद्ध झाले.

पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली म्हटले होते, की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक मनापासून ऐकतो. आज पन्नास वर्षांनी मला शंका येते. साक्षीदार शेजारच्या आसनावर असतो. त्याची भाषा आपल्याला नीट कळत नाही, त्याचे बोलणे विस्कळीत असते, आणि ऐकून घेतले तर काहीतरी करावे लागते. तज्ज्ञाचे ऐकले की आपण काहीतरी केले असे नुसते वाटते. याकोबाच्या पत्रात वचन ऐकून तसे न वागणारा स्वतःचीच फसवणूक करतो असा भाव आहे. तो मी मिस्साच्या वाचनात अनेकदा ऐकला आहे, आणि फसवणूक या शब्दापाशी दर वेळी इतरांचाच विचार केला आहे.

परतीच्या प्रवासात मी त्या फाट्यावर बस थांबली तेव्हा खिडकीतून बाहेर पाहिले. चहाची टपरी होती, दोन शेळ्या होत्या. त्या चिठ्ठीवर काय लिहिले होते, दवाखान्यात कोणत्या तारखेला बोलावले होते की औषध सांगितले होते, हे मला ठाऊक नाही. चर्चेचा उरलेला भाग मी घरी आल्यावर पुरा ऐकला. तो चांगला होता.