सरळ उत्तराचं मोल

सिंगापुरातल्या आंग मो किओमध्ये खासदाराला भेटायला लोक संध्याकाळी नंबर लावून बसतात. कुणाचं घरभाडं थकलेलं, कुणाला दंड माफ करून हवा. कार्यकर्ता टेबलाशी बसून गाऱ्हाणं टाइप करतो, खासदार ऐकून घेतो आणि संबंधित खात्याला पत्र देतो. काम होईलच, असं कुणी सांगत नाही. मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल यांनी 1955 मध्ये सुरू केलेली ही प्रथा तरीही टिकून आहे.

इथलेच खासदार ली सियन लूंग 2011 च्या निवडणुकीत पंतप्रधान होते. घरं महागली होती, मेट्रोत पाय ठेवायला जागा नव्हती, लोक धुसफुसत होते. मतदान चार दिवसांवर आलं असताना, 3 मे रोजी, त्यांनी भर सभेत सरकारच्या चुका कबूल केल्या आणि माफी मागितली. तरी त्यांच्या पक्षाची मतं 60.1 टक्क्यांवर घसरली. स्वातंत्र्यानंतरचा तो नीचांक होता. पाच जागांचा अल्जुनीड मतदारसंघही हातचा गेला.

मग माफी वाया गेली का? तिचा कस निकालानंतर लागला. मंत्र्यांच्या पगारांचा फेरविचार करायला समिती नेमली गेली आणि 2012 मध्ये पगार कापले गेले. घरबांधणीला वेग आला. 2015 मध्ये मतं 69.9 टक्क्यांवर गेली. देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्या निधनानंतरची सहानुभूती त्यात होतीच, पण चूक कबूल करून गप्प न बसल्याचाही त्यात वाटा असावा.

मतदाराला गोड उत्तर हवं असतं, हा आपल्याकडच्या उमेदवारांचा समज आहे. तो पसरवण्यात आपलाही हात आहे. ‘नळाला पाणी कधी येणार?’ या प्रश्नावर ‘यंदा निधी नाही, आधी जुनी पाइपलाइन बदलावी लागेल’ असं कुणी म्हटलं, की हा पडणार असं आपण तिथल्या तिथे ठरवतो. ‘येत्या उन्हाळ्याआधी’ म्हणणाऱ्याला टाळ्या पडतात. मग पाच वर्षं टँकरमागे धावताना शिव्या कुणाला घालायच्या?

खरं बोलणारा उमेदवार हवा असेल, तर ‘नाही’ ऐकून घ्यायची तयारी आधी आपली हवी. सभेत एवढंच विचारावं: काय जमणार नाही? पैसा कुठून आणणार? निवडून आल्यावर हिशेब द्यायला कधी येणार? जो या प्रश्नांची अवघडलेली का होईना, पण सरळ उत्तरं देईल, त्याला निदान हसू नये.