औषधाचे उच्छिष्ट

आपले उच्छिष्ट दुसऱ्यापुढे ठेवू नये, हा आचार आपल्या घरांत इतका मुरला आहे की त्याचे कारण कोणी विचारीत नाही. पानातील अन्नाविषयी बाळगलेला हा विवेक पोटात घेतलेल्या औषधासही लागू आहे, हे मात्र अद्याप आपल्या गावीही नाही.

घेतलेले औषध सगळेच अंगी लागते, ही समजूत खरी नव्हे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन जवळजवळ जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. सिप्रोफ्लॉक्सासिनचाही बराच अंश तसाच निघून जातो. मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे मुख्यतः सेंद्रिय घाण नाहीशी करण्यासाठी बांधलेली असतात. अपस्मारावरील कार्बामाझेपिनसारखी द्रव्ये त्यांतून बहुतांशी अबाधित पार होतात. पुढचा मार्ग नदीचा. पुण्याची मुळा-मुठा शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसपाशी भीमेस मिळते. भीमा दौंडवरून उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. पंढरपुरी वारकरी जिला चंद्रभागा म्हणतात, ती हीच. शिक्रापूर या संगमाच्या खाली नाही. परंतु तेथील वेळ नदीही अखेर भीमेचीच, आणि नगर रस्ता व चाकण रस्ता यांच्या तिठ्यावरचे हे गाव कारखान्यांमुळे वाढत आहे. पुण्यास दोष देणारे शिक्रापूरही कोणाचे तरी वरचे गाव आहेच.

यापासून माणसास अपाय होतो काय? भय पसरविणे आम्हांस मान्य नाही, म्हणून हे आधी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये असा निर्वाळा दिला की पिण्याच्या पाण्यातील औषधांचे प्रमाण किमान उपचारमात्रेच्या सहस्रांशाहूनही कमी असते व त्यापासून मनुष्यास धोका संभवणे फारसे शक्य नाही. उलट, १०४ देशांतील २५८ नद्यांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे चतुर्थांश ठिकाणी एखादे तरी औषध जलचरांस अपायकारक, किंवा जंतूंस औषधास न जुमानण्याचे शिक्षण देणारे, इतक्या प्रमाणात आढळले. असे जंतू नदीतच राहतील, अशी हमी कोणी द्यावी?

तथापि आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. उपचारमात्रा हे माप रोग्याचे आहे. रोगी लाभासाठी थोडा अपाय पत्करतो, आणि तोही वैद्यास विचारून. दौंडकडील गर्भवतीस ना तो रोग, ना तो लाभ, ना कोणी तिची संमती घेतली. तिच्या वाट्याचा अंश सहस्रांश असो की लक्षांश, तो रोग्याच्या तराजूत तोलणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

मग दोषी कोण? रोगी खचित नव्हे. औषध घेणे हे पाप ठरविणारी नीती आम्हांस नको. परंतु दोष नसला म्हणजे जबाबदारीही नाहीशी होते, असे नाही. ज्या शहराने रोगी बरा केला, त्यानेच त्याचे पाणी अधिक शुद्ध करण्याचा खर्च सोसावा. कारखान्यांना तर ही निर्दोषतेची सबबही नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा गळाल्या. यास काय म्हणावे!

घराच्या वाट्यास उरतात त्या कपाटातील जुन्या गोळ्या. मोरीत टाकल्या की झाले, ही आपली रीत. येथे प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये १७ औषधे शौचकूपातच सोडून द्यावीत असे सांगितले, कारण ती घरातील मुलाच्या हाती लागल्यास एक मात्राही प्राणघातक ठरू शकते. जवळचे मूल आणि दूरची नदी यांत मूल निवडले गेले. आम्हीही तेच निवडू. परंतु बाकीच्या गोळ्यांना ही सवलत नाही. त्या परत घेण्याची योजना केरळ सरकारने २०२५ मध्येच कोळिकोड येथे आरंभिली आहे.