रानातला निवारा आणि अपरिग्रह

दीर्घकाळ रानात राहू पाहणाऱ्याने तंबू कसा निवडावा, हा प्रश्न वरवर कापडाचा, वजनाचा आणि किमतीचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी भारतीय धर्मविचारातला एक जुना वाद आहे: ज्याने घर सोडले, त्याने डोक्यावर किती छप्पर ठेवावे? गीतेच्या बाराव्या अध्यायातला भक्त अनिकेत, म्हणजे ठरलेले घर नसलेला, आहे. त्याचे वर्णन करताना ज्ञानेश्वरांनी वाऱ्याचा दाखला दिला आणि लगोलग सारे विश्वच त्याचे घर ठरवले. चक्रधरस्वामींची शिकवण अधिक कडक होती. अनुयायाने देशाच्या कडेला झाडातळी आयुष्य काढावे, असे त्यांनी सांगितले. मनुस्मृतीतला वानप्रस्थी तर पावसाळ्यात उघड्यावर राहून पाऊस अंगावर घेतो.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत हा नियम जिवावर बेतेल. ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै 2024 मध्ये तिथे एकाच दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली. पूर्वेला पौड-पिरंगुटकडे सरकत गेले की पाऊस झपाट्याने उतरतो, पण घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर धुके, वारा आणि झड यांतून सुटका नसते. देह टिकला तरच साधना टिकते. म्हणून निवाऱ्याचा विचार इथे पावसापासूनच सुरू करावा लागतो.

या विषयावर सर्वांत बारकाईने विचार केला तो बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांनी. भिक्षूने झाडाच्या बुंध्याशी राहावे हा मूळ आदर्श कायम ठेवून विनयाने पावसाळ्याला वेगळे नियम दिले. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या एका जागच्या मुक्कामात, भिक्षूने ढोलीत राहू नये, उघड्यावर राहू नये आणि छत्रीखालीही राहू नये. पावसात छत्रीचा आडोसा गुराखी करत, आणि भिक्षू तसेच राहू लागल्यावर लोकांनी नावे ठेवली, असे विनयातल्या महावग्गात सांगितले आहे. मावळात भातलावणीच्या वेळी डोक्यावर घेतात ते इरले किंवा घोंगडीची खोळ हा त्याच जातीचा निवारा. दिवसभर वाकून काम करायला तो पुरतो, चार महिने राहायला नाही. आजचा हलका तंबू छत्री आणि घर यांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि मुळशीच्या आषाढात तो घरापेक्षा छत्रीलाच जवळचा ठरतो.

वर्षावासामागचे कारण केवळ देहाची सोय हे नव्हते. पावसात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत आणि किडेमुंग्या तुडवतात, ही लोकांची तक्रार होती. जैन साधूंच्या चातुर्मासाची भूमिकाही हीच आहे. लगतच्या मावळातली भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी अशाच स्थिर निवाऱ्याच्या गरजेतून कोरली गेली.

तंबूच्या आकाराबद्दलही विनयाकडे उत्तर आहे. स्वतःसाठी सामान मागून कुटी बांधणाऱ्या भिक्षूला मर्यादा घातली आहे: आतून बारा विती लांब, सात विती रुंद. टीकाकार ही वीत बरीच मोठी धरतात. साध्या वितीने मोजली तर ती कुटी आजच्या दोन माणसांच्या तंबूएवढी भरते. शिवाय बांधण्याआधी संघाने जागा पाहायची. तिथे जिवांची वस्ती नसावी आणि भोवती फिरायला वाट असावी. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटले आहे, आणि तात्त्विकदृष्ट्या ते अधिक खोल आहे. तरीही मोजून दिलेल्या वितीच जास्त उपयोगी पडतात. आपल्याला कशाचीच आसक्ती नाही अशी मनाची समजूत माणूस सहज काढतो. तंबूत उभे राहता आले पाहिजे, मग टेबल मावले पाहिजे, मग पुढे ओसरी हवी, असे करत घर परत उभे राहते. म्हणून रानातल्या तंबूला लावायची कसोटी साधी आहे: एका माणसाला तो एकट्याने उभारता, उतरवता आणि उचलून नेता आला पाहिजे.

कापडाची निवड या कसोटीतच होते. सुती कॅनव्हास उन्हाळ्यात हवेशीर राहतो. भिजल्यावर त्याचे धागे फुगून वीण घट्ट होते आणि पाणी अडते. पण तो जड असतो, आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात तो वाळतच नाही. काळ्या ठिपक्यांची बुरशी धरते आणि कापड कुजते. पॉलिस्टर हलके असते, मात्र सततच्या उन्हाने विरते, आणि दमट उष्णतेत त्याचा आतला लेप चिकट होऊन सुटतो. एकपदरी तंबूत श्वासाची वाफ आतून गळते. म्हणून आत जाळीचा तंबू आणि वर वेगळे छत अशी दुपदरी रचना बरी. सह्याद्रीच्या कातळावर मातीचा थर पातळ असल्याने खुंट्या धरत नाहीत, तिथे दोर मोठ्या दगडांना बांधावे लागतात.

ही सारी निवड मेंढपाळ धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. फलटण, पुरंदर, बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. बिऱ्हाड घोड्यावर, मुक्काम पालात, आणि मेंढ्या रात्री कुणाच्या शेतात खतासाठी बसवलेल्या. पाऊस तोंडावर आला की ते देशावरच्या गावी परततात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पाल ठोकण्याचा हट्ट ते धरत नाहीत. विनयाने भिक्षूला गुराख्यांच्या फिरत्या तळासोबत वर्षावास करण्याची मुभा दिली होती, तळ हलला तर त्याच्याबरोबर जाण्याचीही. भटकी वस्ती हीदेखील वस्तीच आहे, हे त्यात मान्य केलेले दिसते. मुळशीतले कातकरी मात्र पाऊस इथेच काढतात, कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेल्या झोपडीत. या लोकांच्या कमी सामानाला अपरिग्रह म्हणणे अन्यायाचे आहे. व्रत घ्यायला आधी निवड हाती असावी लागते.

मुळशीला हा भेद चांगला ठाऊक आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध 1921 च्या रामनवमीला सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नावाशी जोडलेला सत्याग्रह घर न सोडण्यासाठी होता. अखेर धरण झाले आणि खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. त्याच जलाशयाच्या काठावर हौसेने तंबू ठोकणारा घर सोडून आलेला असतो. इथल्या मावळ्यांचे घर मात्र काढून घेतले गेले. म्हणून जागा निवडताना ती कुणाची आहे हे विचारणे हा धर्माचाच भाग ठरतो. ताम्हिणीचा काही भाग 2013 पासून अभयारण्य आहे. तिथे आणि इतर वनजमिनीवर वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नये, खाजगी जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय.

मुळशीपुरता निर्णय असा: ऑक्टोबरअखेर ते मे एका माणसाला उचलेल असा दुपदरी तंबू वापरावा. जून लागण्याआधी तो उन्हात वाळवून घडी घालावी, ऑक्टोबरअखेरपर्यंत गावात पक्क्या छपराची खोली घ्यावी, आणि तिचे भाडे वेळेवर द्यावे.