भिंतीवरील शेवाळ आणि खोटी साक्ष

पावसाने जोर धरून पंधरवडा लोटला की घराच्या कुंपणभिंतीवर हिरवे मखमली थर चढू लागतात. शैवल असो, मॉस असो वा आणखी काही, आपण त्या साऱ्यांना सरसकट शेवाळ म्हणतो आणि पाय घसरू नये एवढ्यापुरतीच त्यांची दखल घेतो. अलीकडे मात्र खिशातल्या फोनने छायाचित्र टिपता येऊ लागल्यामुळे पुष्कळांचे लक्ष ह्या उपेक्षित सृष्टीकडे वळले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. छायाचित्र घेताच फोन एक लॅटिन नाव सुचवतो आणि आपण ते चित्राखाली लिहून मोकळे होतो. वाचकहो, ह्या मोकळे होण्याविषयी थोडा विचार करावा असे वाटते. स्वतःची खात्री नसताना एखाद्या सजीवाला नाव देणे हे असत्य बोलणे ठरते काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. शेवाळाचे नाव चुकले म्हणून कोणाचे काय बिघडले? पण त्याच कुंपणाशी कळलावीही उगवते. तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असते, आणि तो खाण्याजोगा कंद समजून शिजवल्याने माणसे दगावली आहेत. तेथे चुकीचे नाव प्राणावर बेतते, हे कोणीही मान्य करील. तथापि केवळ अपायाच्या भीतीवर सत्याचा पाया घालणे मला पुरेसे वाटत नाही. ज्या नावाने कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, त्या नावाविषयी आपण किती प्रामाणिक असतो, ही अधिक कठीण कसोटी आहे.

दगडफुलाचे उदाहरण घ्या. गोडा मसाला करणाऱ्या प्रत्येक घरात ते ठाऊक असते. परंतु ह्या एका नावाखाली अनेक जातींचे लायकेन बाजारात येतात. लायकेन ही एक वनस्पतीच नव्हे. तो बुरशी आणि शैवल यांचा सहवास आहे, असे १८६७ साली श्वेंडेनर ह्या स्विस शास्त्रज्ञाने मांडले, तेव्हा नामांकित तज्ज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला. आज शास्त्रीय नाव दिले जाते ते त्या जोडीतील बुरशीचे. जात ठरवायची तर पोटॅशचा थेंब टाकून रंग बदलतो का ते पाहावे लागते, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. मॉसच्या पुष्कळ जातींचीही तीच कथा. तेव्हा ज्या खुणा छायाचित्रात उतरतच नाहीत, त्यांवर अवलंबून असलेले नाव छायाचित्रावरून ठामपणे कसे द्यावे? शिवाय फोनला हे ज्ञान येते कोठून? माणसांनी आधी नावे लिहून ठेवलेल्या असंख्य चित्रांवरून. आपण आज बेफिकिरीने लिहिलेले नाव उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती पुरावा म्हणून पडेल.

शलमोनाच्या वनस्पतिज्ञानाचे वर्णन करताना पवित्र शास्त्रात (१ राजे ४:३३) एका टोकाला गंधसरू आणि दुसऱ्या टोकाला भिंतीवर उगवणारे एजोब यांचा उल्लेख येतो. हे एजोब कोणते? लिनियसचा शिष्य हासेलक्विस्ट १७५१ साली पॅलेस्टाइनात गेला होता. यरुशलेमेच्या भिंतींवर उगवलेले इवलेसे मॉस पाहून हेच ते असावे, असा तर्क त्याने केला. पुढच्याच वर्षी तो वयाच्या तिसाव्या वर्षी स्मर्नाजवळ वारला आणि त्याची टिपणे लिनियसने १७५७ साली प्रसिद्ध केली. तर्क मोठा मोहक आहे: एकीकडे उत्तुंग वृक्ष, दुसरीकडे नखाएवढे मॉस! पण वल्हांडणाच्या रात्री एजोबाची जुडी रक्तात बुडवून दाराच्या चौकटीला लावायची होती (निर्गम १२:२२). असल्या मॉसची जुडी बांधणार कशी? आज बहुतेक अभ्यासक मरव्याच्या गणातील एका सुवासिक झुडपाकडे बोट दाखवतात. तरीही हासेलक्विस्टला खोटा साक्षीदार म्हणता येणार नाही. ती भिंत त्याने स्वतः पाहिली होती आणि काय पाहिले ते लिहून ठेवले होते. म्हणूनच मागाहून आलेल्यांना त्याचा तर्क तपासता आला.

खोट्या साक्षीविषयीची आज्ञा शेजाऱ्यासंबंधी आहे, मॉसला शेजारी म्हणावे काय, असा वाद कोणी घालील. घालोत बापडे. साक्ष ज्याच्याविषयी दिली जाते त्याच्याइतकीच ती ज्याला दिली जाते त्याचीही असते, आणि आपले चित्र विश्वासाने पाहणारा तर निःसंशय आपला शेजारी आहे.

ह्याचा अर्थ मौन पाळावे असा नव्हे. चुकण्याच्या भयाने कधीच नाव न घेणारा काही शिकतही नाही, आणि त्या भयात पुष्कळदा अहंकारच दडलेला असतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जेझुइट धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध करणारे फादर सांतापाव हेही त्याच महाविद्यालयातले. अशा संग्रहांतून जगभर एक रीत पाळली जाते. वाळवलेला नमुना ज्या कागदावर चिकटवतात, त्यावर तो कोठे, केव्हा व कोणी गोळा केला हे लिहिलेले असते. पुढे एखाद्या अभ्यासकाला त्याची ओळख पटली नाही, तर तो जुने नाव खोडत नाही. स्वतःचे नाव व साल घालून नवी चिठ्ठी शेजारी चिकटवतो. तिला उत्तर देणारी तिसरी चिठ्ठी चिकटवायलाही कोणाची आडकाठी नसते. फोनमधील चित्राखालीही एवढे सहज लिहिता येईल: तारीख, जागा, भिंत दगडाची की सिमेंटची, नाव कोणी सुचवले, आणि त्या नावाआधी 'बहुधा' हा एक शब्द.